इलेक्ट्रिक गाडीची रेंज: ठाणे-नवी मुंबईतल्या घराला रोज नेमकी किती लागते?

कासारवडवलीकर (धागाकर्ता)
मंडळी, सल्ला हवा आहे. आमची पेट्रोल गाडी आता जुनी झाली. पुढची इलेक्ट्रिक घ्यावी यावर माझं आणि बायकोचं एकमत आहे, पण रेंजपाशी, म्हणजे एकदा भरलेल्या बॅटरीवर गाडी किती जाते त्यापाशी, येऊन सगळं अडतं. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझे आई-बाबा. रोजचा रस्ता असा: मुलांना मानपाड्याला शाळेत सोडायचं, मग माजिवडा, कळवा, ऐरोली करत महापे. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरच्या आसपास. मध्येच कधी आईला नौपाड्यात डॉक्टरकडे न्यायचं, रविवारी डोंबिवलीला बहिणीकडे. आणि गणपतीत व मे महिन्यात गुहागर.
दोन गाड्या डोळ्यासमोर आहेत. टाटाची पंच, ३५ युनिटच्या (किलोवॅट-तास) बॅटरीची, कागदावर ४२१ किमी. आणि टाटाचीच नेक्सॉन, ४५ युनिटची, कागदावर ४८९. शोरूमवाला म्हणतो मोठीच घ्या. मेहुणा म्हणतो दोन्ही नको, सीएनजी घे. मला जाहिरातीतले आकडे नकोत. तुम्ही या भागात चालवता, तुम्हाला खरी रेंज किती मिळते आणि रोजच्या वापराला ती पुरते का, ते सांगा.

नेरूळवासी
रोजचे पन्नास ना? मग कुठलीही घ्या, पुरेल. त्याआधी एक सांगा, तुमच्या पार्किंगच्या जागेवर सॉकेट आहे का? सगळं तिथे ठरतं.

पामबीचवरून
नेरूळवासींना अनुमोदन, तरी रेंजबद्दल माझा अनुभव देतो. माझ्याकडे २०२० ची नेक्सॉन आहे, ३०.२ युनिटची, कागदावर ३१२ किमी. सीवूड्स ते वाशी, कधी बीकेसी असा वापर. एसी लावून, घरचे चौघे बसून मला शहरात २०० ते २२० मिळतात. एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगाने गेलो तर १६० च्या पुढे मी धरतच नाही.
कागदावरचा आकडा आपल्याकडच्या ठरावीक चाचणीतून येतो. तिच्यात एसी बंद असतो आणि वेग ताशी ९० च्या वर जात नाही. आपल्याकडे मे महिन्यात एसी बंद ठेवून कोण गाडी चालवतं? म्हणून कागदी आकड्याला शहरासाठी साठ-पासष्ट टक्क्यांनी गुणा आणि हायवेला पन्नास टक्के धरा. त्या हिशेबाने तुमची ४२१ वाली शहरात अडीचशेच्या आसपास आणि ४८९ वाली तीनशेच्या आसपास देईल. रोजच्या पन्नासला दोन्ही भरपूर.

डिझेलवाला_पनवेल
तुम्ही सगळे रोजच्या वापराचंच बोलताय. गाडी माणूस रोजच्यासाठी घेत नाही, अडीनडीला घेतो. रात्री दोन वाजता फोन आला की सातारला निघायचं, त्या वेळी बॅटरी ३० टक्क्यांवर असेल तर काय करायचं? माझी डिझेल गाडी एका टाकीत आठशे किलोमीटर जाते. कळंबोलीला पाच मिनिटांत टाकी फुल. हे स्वातंत्र्य मी सोडणार नाही.

नेरूळवासी
@डिझेलवाला, रात्री दोनला माझ्या गाडीत कधीच ३० टक्के नसतात. घरी आलो की प्लग लावतो, सकाळी गाडी भरलेली. पेट्रोल गाडी कायम भरलेली कोण ठेवतं? ज्याला घरी चार्जिंग नाही त्याच्यासाठी मात्र तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे.

कासारवडवलीकर
पार्किंग स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या खाली खांबांमधल्या जागेत आहे, स्वतःचं, कागदोपत्री माझ्या नावावर. मीटर रूमपासून चाळीसेक मीटरवर. सॉकेट नाही. कमिटीला तोंडी विचारलं तर उत्तर आलं, ‘एकाला दिलं तर सगळे मागतील.’ लेखी अर्ज अजून दिलेला नाही.

कोलशेत_एक्सप्रेस
एकाला दिलं तर सगळे मागतील!! या वाक्यावर ठाण्यातल्या निम्म्या सोसायट्या चालतात. आमच्याकडे पाण्याच्या टाकीपासून गरब्यापर्यंत सगळ्याला हेच उत्तर. :-)

वायरमन_कळवा
मी याच कामात आहे, इलेक्ट्रिकल कंत्राटं घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
गाडीबरोबर जी पोर्टेबल केबल येते ती साध्या १५/१६ अँपिअरच्या सॉकेटवर चालते आणि ३ किलोवॅटच्या आसपास वीज ओढते. म्हणजे एका मोठ्या गीझरपेक्षा थोडं जास्त. रात्री अकरा ते सकाळी सात लावली तर चोवीस-पंचवीस युनिट भरतात. शहरात युनिटला सात किलोमीटर धरले तर पावणेदोनशे किलोमीटरची सोय झाली. धागाकर्त्यांना रोज पन्नास किलोमीटरला सात युनिट लागतील. अडीच तासांचं काम. त्यासाठी ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर, लागेलच असं नाही. कंपनी फुकट देत असेल आणि वीज कंपनीने तुम्हाला दिलेला मंजूर भार पुरत असेल तर जरूर घ्या.
पण सॉकेट म्हणजे कुठलंही सॉकेट नव्हे. गीझर वीस मिनिटांत बंद होतो, गाडी आठ तास सलग ओढते. स्वतंत्र वायर हवी, मीटरपासून थेट, तांब्याची. चाळीस मीटरला मी ६ स्क्वेअर एमएम टाकतो. जाडी कमी केली की शेवटाला व्होल्टेज पडतं आणि जोड तापतो. जादा भार आला की वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग. अर्थिंग खराब असेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत. मग लोक म्हणतात गाडी बिघडली.
आता बिल. घरच्या मीटरवरून वायर ओढली तर ते युनिट तुमच्या घरगुती वापरात मिळतात. महिन्याला १२००-१३०० किमी म्हणजे जवळपास १८० युनिट. घरचा वापर २५० असेल तर एकूण ४३० झाले, म्हणजे तीनशेच्या वरचे १३० युनिट महागड्या स्लॅबमध्ये गेले. तिथे सगळे आकार धरून युनिट पंधराच्या पुढे पडतं. महावितरणकडे ईव्ही (इलेक्ट्रिक गाड्यांच्या) चार्जिंगसाठी वेगळा वर्ग आहे, त्यात वेगळं मीटर घेता येतं आणि त्याला घरगुती स्लॅब लागत नाहीत. वापर जास्त असेल तर वेगळं मीटर परवडतं. महिन्याला चारशे-पाचशे किलोमीटरच चालत असेल तर घरच्याच मीटरवर घ्या, स्थिर आकार दोनदा भरण्यात अर्थ नाही.

ऐरोली_सेक्टर८
वायरमन, हा प्रतिसाद जपून ठेवला. एक शंका. एक्स्टेन्शन बोर्ड लावून तात्पुरतं चालेल का?

वायरमन_कळवा
नाही. दहा मिनिटांसाठीसुद्धा नाही.

खारघर_सचिव
मी सोसायटीचा सचिव आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. कमिटीला नावं ठेवणं सोपं आहे. आमची इमारत जुनी. मंजूर भार सगळा पंखे, फ्रिज, एसीच्या हिशेबाने घेतलेला. एकाच वेळी पंधरा गाड्या रात्री अकराला लागल्या तर केबल आणि ट्रान्सफॉर्मर झेपतील का, हे तपासणं माझं काम आहे. उद्या मीटर रूममध्ये आग लागली तर पोलीस आधी मला बोलावतील.
तरी आम्ही परवानगी दिली. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे की माणूस आपल्या घरी किंवा कार्यालयात, असलेल्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करू शकतो. म्हणजे अडवणं शक्य नाही, शिस्त लावणं शक्य आहे. आम्ही इमारतीच्या भाराची तपासणी परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घेतली. सगळ्या केबल एकाच ट्रेमधून न्यायच्या, एकाच मापाच्या, हे ठरवलं. खर्च ज्याचा त्याने करायचा. आणि पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये सोसायटीचा एक सामायिक पॉइंट ठेवला, त्याला सब-मीटर, सगळं धरून युनिटला दहा रुपये.
‘सगळे मागतील’ ही भीती खरी आहे. म्हणून तर नियम आधी करायचे. सगळ्यांनी मागितल्यावर करायला गेलं की भांडणं होतात.

मेहुणे_संघटना
मी धागाकर्त्यांचा मेहुणा नाही, पण त्याची बाजू घेतो. माझी सीएनजी किलोला शहरात पंचवीस देते. किलो ऐंशीच्या घरात. म्हणजे किलोमीटरला सव्वातीन रुपये. पेट्रोलवाल्यांचे सात-आठ जातात. इलेक्ट्रिकवाल्यांचे दीड-दोन जात असतील, मान्य. पण गाडी घेतानाचा फरक वसूल व्हायला किती वर्षं? आणि सीएनजी संपला तर पेट्रोलवर चालते. कुठे अडत नाही.

पामबीचवरून
@मेहुणे_संघटना, महिन्याला १२०० किलोमीटरला तुमच्यात आणि माझ्यात दीड हजाराचा फरक पडतो, वर्षाला अठरा हजार. सर्व्हिसिंगमध्येही थोडे वाचतात, ऑइल नाही, क्लच नाही, टायमिंग बेल्ट नाही. सीएनजीशी तुलना केली तर फरक भरून यायला वेळ लागतो हे तुमचं बरोबर. पेट्रोल ऑटोमॅटिकशी केली तर लवकर भरतो. मात्र सीएनजीच्या रांगेत किती वेळ जातो तोही हिशेबात घ्या. आणि डिकी! सिलिंडरने डिकी खाल्ली की सहा माणसांच्या घराने गुहागरला सामान कुठे ठेवायचं?

डोंबिवली_फास्ट_लेन
सहा माणसं? धागाकर्ते, तुम्ही दोघं, दोन मुलं, आई-बाबा. पंचमध्ये सहा कसे बसणार? रेंज राहू दे बाजूला, आधी माणसं मोजा.

कासारवडवलीकर
आई-बाबा गुहागरला गणपतीच्या आठवडाभर आधीच जातात, रेल्वेने. त्यामुळे गाडीत आम्ही चौघं आणि सामान. परतताना मात्र कधी कधी पाच होतात. प्रश्न रास्त आहे.

घोडबंदर_पीडित
मुद्दा ट्रॅफिकचा. माझी नेहमीची भीती हीच होती की गायमुखला तीन तास अडकलो तर गाडी बंद पडेल. प्रत्यक्षात उलटं आहे. उभी असताना मोटर काहीच खात नाही. खातो फक्त एसी, आणि तो भर उन्हात तासाला एक युनिटच्या आत-बाहेर. म्हणजे दोन तास जागच्या जागी उभं राहिलो तर दोन युनिट, चौदा-पंधरा किलोमीटरची रेंज कमी. पेट्रोलवर तेच दोन तास इंजिन धडधडत राहतं. शिवाय डावा पाय मोकळा, क्लच दाबून दाबून गुडघा धरत नाही. रिजनवर, म्हणजे पाय उचलला की मोटर उलट वीज बनवून बॅटरीत टाकते त्यामुळे, गाडी आपोआप हळू होते, ब्रेकही कमी लागतो. घोडबंदर रोडवर ही गाडी माणसाला वाचवते असं माझं प्रामाणिक मत आहे.
रेंज खाते ती मोकळ्या रस्त्यावर. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० ने जा आणि ११० ने जा, मीटरवर फरक डोळ्यांना दिसतो.

कोलशेत_एक्सप्रेस
म्हणजे ट्रॅफिकमध्ये रेंज वाढते आणि मोकळ्या रस्त्यावर कमी होते. मग ठाण्यात तर अमर्याद रेंज मिळायला हवी :-D

लोकलप्रेमी
सगळ्यांची माफी मागून वेगळं बोलतो. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गावर विजेची लोकल धावली. शंभर वर्षं होऊन गेली. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बरला घणसोली, कोपरखैरणे सगळं आहे, महापे तिथून रिक्षाने दहा मिनिटं. कासारवडवलीहून ठाणे स्टेशनला जाणंच जिवावर येतं हे मी जाणतो. पण आठवड्यातले दोन दिवस लोकल धरली तर गाडीचा वापरच कमी होईल, मग लहान बॅटरीही पुरून उरेल.

ऐरोलीची_आई
@लोकलप्रेमी, मुलांना शाळेत सोडून, डबे-दप्तरं सांभाळून, पुढे ऑफिस गाठायचं तर लोकल जमत नाही हो. एकट्या माणसाचं वेळापत्रक आणि घराचं वेळापत्रक वेगळं असतं.
मी जुनी टियागो ईव्ही घेतली, २४ युनिटची, कागदावर ३१५. मला एकशेऐंशी-दोनशे मिळतात. ऐरोली ते पवई ऑफिस, मुलीचा भरतनाट्यमचा क्लास मुलुंडला, भाजी, आई रबाळ्याला. आठवड्यातून दोनदा चार्ज करते. एवढीशी गाडी, पार्किंगला सोपी, मुलीला आवडते. रेंजची चिंता मला पहिला महिनाभर होती. नंतर मी त्या आकड्याकडे बघणंच सोडलं.
एक गोष्ट मात्र इथे कुणी बोललं नाही. घरी चार्जिंग नसेल तर बाईमाणसाला सार्वजनिक चार्जरवर रात्री साडेनऊला पाऊण तास एकटीने गाडीत बसून राहणं नको वाटतं. बरेच चार्जर पार्किंगच्या कोपऱ्यात, अंधारात. आमच्या सोसायटीत पॉइंट मिळेपर्यंत मी फक्त दिवसा, मॉलमधल्या चार्जरवरच लावायचे. घरातल्या बाईने गाडी चालवायची असेल तर हा विचार आधी करा. धागाकर्त्यांच्या बायकोचं मत विचारा.

कासारवडवलीकर
@ऐरोलीची_आई, बायकोने तुमचा प्रतिसाद वाचला आणि म्हणाली, ‘हेच तर मी सांगत होते.’ घरी पॉइंट मिळाल्याशिवाय बुकिंग करायचं नाही, एवढं आज ठरलं.

घणसोलीत_भाड्याने
आमच्यासारख्यांचं काय? भाड्याचं घर, अकरा महिन्यांचा करार, पार्किंग रस्त्यावर. घरमालक सॉकेटचा खर्च करणार नाही आणि मी केला तर पुढच्या वर्षी सोडून जायचं. ऑफिसात चार चार्जर आहेत, त्यावर सकाळी साडेआठलाच गाड्या लागतात. मी पूर्ण सार्वजनिक चार्जिंगवर गाडी चालवतो. युनिटला जीएसटी धरून वीस-बावीस, म्हणजे किलोमीटरला तीन रुपये. सीएनजीएवढाच खर्च. वर अॅप चार वेगवेगळी, चारहीत थोडे थोडे पैसे अडकलेले. गाडी चालवायला फार आवडते, पण घरी सोय नसलेल्या मित्राला मी घे म्हणून सांगत नाही.

डिझेलवाला_पनवेल
हा खरा प्रतिसाद. धन्यवाद.

खारघर_सचिव
@घणसोलीत_भाड्याने, केंद्राने २०१९ मध्ये आदर्श बांधकाम उपविधींत दुरुस्ती करून नव्या इमारतींत वीस टक्के वाहनांच्या चार्जिंगची तरतूद सुचवली. त्याचा फायदा नव्या टॉवरना. घणसोली-कोपरखैरण्याच्या सिडकोकालीन बैठ्या घरांना आणि छोट्या इमारतींना रस्त्यालगतचे साध्या घरगुती विजेवरचे चार्जर हवेत, रात्रभर हळूहळू भरणारे. फास्ट चार्जरपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होईल. नगरसेवकांकडे मागायची गोष्ट ही आहे.

सीवूड्सकर_काका
पावसाबद्दल कुणीतरी लिहा. पाण्यातून गेली तर शॉक लागेल अशी आमच्या हिची भीती आहे.

घोडबंदर_पीडित
काका, बॅटरी पॅक बंदिस्त असतो, धूळ-पाणी आत न येऊ देणाऱ्या आयपी६७ दर्जाचा, आणि बिघाड जाणवला की यंत्रणा स्वतः वीज तोडते. काकूंना निश्चिंत राहायला सांगा. पण म्हणून पाण्यात घालायची नाही! सायलेन्सर नाही म्हणून लोक छातीठोकपणे घालतात. बाकीचे सेन्सर, बेअरिंग, वायरिंग भिजतंच. पाणी टायरच्या अर्ध्यावर दिसलं की थांबा, कुठलीही गाडी असो.

अटलसेतू_रोजचा
टोलचं लिहायचं राहिलं. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ आहे, राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार. अटल सेतूचे एका वेळचे २५० आणि एक्सप्रेसवेचे ३२० वाचतात. मी उलव्याहून शिवडीमार्गे परळला जातो, माझं गणित तिथेच बदललं. ऐरोली किंवा आनंदनगर नाक्याचं मात्र यात धरू नका, तो टोल ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच लहान गाड्यांना माफ आहे.

मेहुणे_संघटना
हे मात्र माहीत नव्हतं. पुण्याला महिन्यातून दोनदा जाणाऱ्याला तेराशेच्या आसपास वाचतात की! सीएनजीची बाजू जरा लंगडी पडली.

चिपळूणचा_पाहुणा
गुहागरचं मी सांगतो, कारण माझं गाव त्याच वाटेवर आहे आणि ४५ युनिटची नेक्सॉन घेऊन ठाण्याहून जातो.
कासारवडवली ते गुहागर पावणेतीनशेच्या पुढे. ताशी ७०-८० ने, चार माणसं, एसी चालू, मला युनिटला सहा मिळतात. शंभर टक्के भरून निघायचं, वीस टक्क्यांच्या खाली जायचं नाही असं धरलं तर पहिल्या टप्प्यात सव्वादोनशेच्या आसपास जाता येतं. पण मी तेवढा जात नाही. महाडच्या आसपास, साधारण १६० किलोमीटरवर, थांबतो. मुलांना तसंही तिथे उतरायचंच असतं. तिथे निम्म्याच्या वर बॅटरी नेली की पुढचं सगळं आरामात. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो घाट वाचतो.
३५ युनिटवालीने जाल तर युनिटला सव्वासहा धरा. वीस टक्के राखून पावणेदोनशे. म्हणजे महाडला थांबणं तुमच्या मर्जीचं नाही, थांबावंच लागेल, आणि ८० टक्क्यांपर्यंत भरूनच निघावं लागेल. ऐंशीच्या पुढे फास्ट चार्जरचा वेग कमी होतो, तिथे थांबून राहण्यात अर्थ नसतो. जमतं, पण हाताशी फार उरत नाही. आणि गणपतीच्या आदल्या दिवशी त्या चार्जरवर तुमच्या पुढे चार गाड्या असणार हे गृहीत धरा. एकदा मी पोचलो तर दोनपैकी एक गन (गाडीला लावायची चार्जिंग केबल) बंद होती, अॅपवर मात्र हिरवी दाखवत होते. म्हणून चार्जर निवडताना शेवटचं चार्जिंग कधी झालंय ते अॅपवर बघतो आणि पुढचा एक चार्जर हाताशी राहील एवढी बॅटरी ठेवतो. गणपतीत रात्री निघा, पहाटे चार्जर रिकामे मिळतात.
घाटाची भीती बाळगू नका. उदाहरणार्थ, पुण्याच्या वाटेवर खोपोलीहून खंडाळा चढताना गाडी साधारण पाचशे मीटर वर जाते. माणसांसकट पावणेदोन टनांची गाडी तेवढी उचलायला अडीच युनिट लागतात, बस. उतरताना त्यातला बराचसा भाग परत येतो.
गुहागरच्या घरी १५ अँपिअरचा पॉइंट आहे का? असेल तर तिथले दिवस फुकाचे. अर्थिंग मात्र जाण्याआधी कुणाकडून तरी बघून घ्या. गावात बरेचदा ते नावालाच असतं.

वायरमन_कळवा
शेवटच्या ओळीला जोरदार अनुमोदन. आणि गावाला व्होल्टेज कमी असेल तर गाडीत चार्जिंगचा अँपिअर कमी करायची सोय असते का बघा. दहावर ठेवा, रात्रभर भरेल.

कासारवडवलीकर
अपडेट देतो. कमिटीला लेखी अर्ज दिला, ऊर्जा मंत्रालयाच्या सूचनांची प्रत जोडली आणि खारघर_सचिवांनी लिहिलेले नियम जसेच्या तसे सुचवले. अध्यक्ष म्हणाले, पुढच्या बैठकीत घेतो. आणखी तीन सभासदांनी माझ्या अर्जावर सह्या केल्या. एकाकडे इलेक्ट्रिक स्कूटर आहे, तो बिचारा रोज बॅटरी काढून सातव्या मजल्यावर नेतो.
गुहागरला पॉइंट आहे, पंपाचा. अर्थिंग बाबा बघून घेणार आहेत.
आता मूळ प्रश्न, ३५ की ४५? बजेट ताणलं तर ४५ येते, पण मग घराच्या कर्जाचा जास्तीचा हप्ता भरायचा बेत पुढे जातो.

नेरूळवासी
३५. वर्षातल्या दोन प्रवासांसाठी रोज दहा युनिटची जास्तीची बॅटरी का वाहून न्यायची? वर्षं जातील तशी बॅटरी थोडी उतरेल. समजा ऐंशी टक्क्यांवर आली, बहुतेक कंपन्यांची हमी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची असते. तेव्हाही २८ युनिट उरतात, शहरात दोनशेच्या घरात. रोजच्या चौपट. गुहागरला महाडला चहा जरा मोठा घ्यायचा.

चिपळूणचा_पाहुणा
माझं मत ४५. बॅटरीसाठी म्हणत नाही, मागच्या सीटसाठी म्हणतो. परतताना पाच माणसं असतात असं त्यांनीच लिहिलंय. आईला कंबरेचा त्रास असेल तर पंचच्या मागच्या सीटवर तिघं, सहा-सात तास, नको. दोन्ही गाड्यांत आईला बसवून बघा आणि मग ठरवा.

ऐरोलीची_आई
चिपळूणकरांशी सहमत. टेस्ट ड्राइव्हला आई-बाबांना न्या, आणि ती रविवारी रिकाम्या रस्त्यावर नको, संध्याकाळी सहाला माजिवड्याच्या पुलाखालून घ्या.

डिझेलवाला_पनवेल
मी माझं मत बदलणार नाही, पण एक प्रामाणिक सूचना. जुनी गाडी विकायची घाई करू नका. पार्किंग दोन असतील तर एक गणपती जाऊ द्या. इलेक्ट्रिक रोजच्याला, जुनी गावाला. मग हवं तर विका.

कासारवडवलीकर
पार्किंग एकच आहे. पण आईला दोन्ही गाड्यांत बसवून बघायचं नक्की. शनिवारची वेळ घेतो.
खारघर_सचिव, बैठकीआधी एक विचारायचं आहे. चाळीस मीटर केबल सामायिक भिंतीवरून जाणार, त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते म्हणतात. आमची सभा अजून लांब आहे. तोपर्यंत काय करू?

खारघर_सचिव
आमच्याकडे व्यवस्थापक समितीने ठराव करून ना हरकत दिली आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत तो कायम करून घेतला. तुमच्या अध्यक्षांना तसं सुचवा. अर्जात चार गोष्टी लिहून द्या: केबलचा मार्ग नकाशावर आखून, काम परवानाधारक कंत्राटदार करेल आणि त्याचा चाचणी अहवाल सोसायटीला देईल, खर्च व दुरुस्ती तुमची, आणि पुढे सोसायटीने सामायिक व्यवस्था केली तर तुम्ही त्यात सामील व्हाल. ही चौथी ओळ विसरू नका, आमच्या समितीतला विरोध तिनेच मावळला. आणि त्या स्कूटरवाल्या सभासदाचा अर्ज तुमच्याबरोबरच द्या. सातव्या मजल्यावर घरात बॅटरी चार्ज होण्यापेक्षा खाली नीट पॉइंटवर झालेली कुठल्याही समितीला बरी.